शोभा आणि सोय

दरवाजा कितीही नक्षीदार असला, तरी त्याची कडी कोठें आहे हें पाहुण्यास उमगत नसेल, तर त्या नक्षीचें कौतुक कोण करील? संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्याविषयींही हाच विचार केला पाहिजे.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, काम झालें म्हणजे पुरे. शोभा हवी कशाला? हें मत एकांगी आहे. पूर्वी संगणकास प्रत्येक आज्ञा अक्षरें टंकून द्यावी लागे, व ती पाठ नसणारा मनुष्य गोंधळून जाई. १९८४ सालीं ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश निघाला. त्याकरितां सुझन केअर या चित्रकर्त्रीनें इवल्या चौकटी भरून चिन्हें रेखाटलीं. यंत्र सुरू होतांच हंसऱ्या संगणकाचें चित्र दिसे. नको असलेले लेख टाकण्यास पडद्यावर कचऱ्याची टोपली असे. त्या चित्रांत शोभा होती, पण ती शोभाच अर्थ सांगत होती.

शोभेचा अतिरेक मात्र घातक ठरतो. १९९५ सालीं मायक्रोसॉफ्टनें ‘बॉब’ नांवाचें सॉफ्टवेअर विक्रीस काढलें. त्यांत सजविलेल्या खोल्या होत्या, वाट दाखविणारा कुत्रा होता. परंतु साध्या कामासही त्या सजावटींतून वाट काढावी लागे. लोकांनीं तें स्वीकारलें नाहीं व थोड्याच काळांत तें बंद पडलें.

साधेपणाचीही हौस होऊं शकते, हें मात्र आपण विसरतों. २०१३ सालीं ॲपलनें आयफोनच्या पडद्यावरील पुष्कळ बटणांच्या कडा काढून टाकल्या. उरलीं नुसतीं रंगीत अक्षरें. बटण कोणतें व मजकूर कोणता, हें ओळखणें अनेकांस कठीण झालें. अखेर २०१४ सालीं बटणांचे आकार दाखविण्याची सोय कंपनीस पुन्हां द्यावी लागली.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा नव्हे. आज पैसे पाठविणें, आगगाडीचें तिकीट काढणें, परीक्षेचा निकाल पाहणें, हीं सर्व कामें पडद्यावर होतात. ज्या आजीस बटण ओळखतां येत नाहीं, तिला स्वतःच्याच पैशांसाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. अशा वेळीं वडील मंडळींनीं लाज मानूं नये. दोष बहुधा रचनेचा असतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें असे पडदे रचतील. त्यांनीं आपली कृति प्रथम घरांतील वृद्धांच्या हातीं द्यावी व कांहीं न बोलतां शेजारी बसून पाहावें. त्यांचें बोट जेथें अडखळेल, तेथें आपल्या हौसेस मुरड घालावी. जी शोभा त्या बोटास धीर देईल, तीच खरी शोभा होय.