ओरत्तनाडूत माणसे किती?

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु येते. तालुक्याचे ठिकाण, नगरपंचायत, 2012 मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि चहूकडे भातखाचरे. गावाचे दुसरे नाव मुक्तांबाळपुरम. मुक्तांबा ही तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांची आवडती. लग्नाची राणी नव्हे. तिच्या नावाने राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे छत्रम, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा उभारली.

1799 च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. छत्रांवर मात्र राजे पाणी सोडायला तयार नव्हते. 1801 मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून रामेश्वरच्या वाटेवरच्या या छत्रांचे काम तपशिलाने सांगितले: सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्याला वैद्य, पोरक्या मुलांना शिक्षण, तान्ह्यांना दूध, बाळंतिणीची देखभाल. आलेला माणूस कुठल्या मुलखातला, यावर त्याचे पान अडत नसे.

आजच्या कारभाराचे पान अडते ते नेमके तिथेच.

2011 च्या जनगणनेत तंजावर जिल्ह्याची लोकसंख्या 24,05,890 होती. हजार पुरुषांमागे 1,035 स्त्रिया. महाराष्ट्रात तेव्हा 929. या भागातले अनेक कमावते पुरुष तिरुप्पूर, सिंगापूर किंवा आखात गाठतात. शेतात मजूर मिळेनासे झाले आणि ती जागा गेल्या काही वर्षांत बंगाल-बिहारच्या टोळ्यांनी घेतली. 12 जून ही मेट्टूर धरणाचे दार उघडण्याची ठरलेली तारीख; कावेरीचे पाणी कालव्यांना आले की लावणीची घाई उडते. रोपांच्या जुड्या चिखलात फेकल्या जातात, वाकलेली रांग मागे सरकत रोपे खोचत जाते. मजुरी बहुधा एकरावर ठरते. काम आटोपले की टोळी पुढच्या गावाला.

ही माणसे ओरत्तनाडूच्या कोणत्या आकड्यात धरायची? 2021 ची जनगणना झालीच नाही. आता लोकांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे. तोवर सांबा भाताची कापणी उरकत आलेली असेल आणि लावणीच्या टोळ्या केव्हाच निघून गेलेल्या असतील. दवाखान्यातली औषधे, पिण्याचे पाणी, संडास यांचा हिशेब मात्र त्याच आकड्यावर पुढची दहा वर्षे चालेल.

मराठी वाचकाने यावर परक्याची गोष्ट म्हणून हसू नये. दसऱ्यानंतर बीडहून निघालेला ऊसतोड मजूर फेब्रुवारीत कुठल्यातरी कारखान्याच्या फडात कोपी टाकून असतो. तिथे उलटा प्रकार: मोजणीच्या दिवसांत गाव रिकामे, फड भरलेला.

दहा वर्षांतून एकदा डोकी मोजून हे निभणार नाही. गावात हंगामाला आलेल्यांची आणि गेलेल्यांची नोंद महाराष्ट्रात तलाठ्याने, तामिळनाडूत त्याच्या जोडीच्या ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्याने दर हंगामात ठेवावी आणि आरोग्य केंद्राचा व रेशनचा कोटा तिच्यावर ठरावा. मुकादमाकडे टोळीची यादी असतेच. ती तहसील कचेरीत जमा करायला लावणे सरकारला जड नाही. तंजावर आणि बीड या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या हंगामापासूनच ही नोंद सुरू करावी.