केबिनला एसी आला; पण त्यात गॅस भरणाऱ्याच्या सुरक्षेचं काय?

आदिलाबाद : १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी बसवणं केंद्र सरकारने सक्तीचं केलं. त्याची अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्येच निघाली होती. नागपूर-हैदराबाद मार्गावरचा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या जिल्ह्यातून जातो. उन्हाळ्यात इथला पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात ट्रक हाकणाऱ्यासाठी एसी ही चैन नाही, गरज आहे. पण वॉरंटी संपली की हेच ट्रक आदिलाबाद, गुडीहत्नूर, इच्चोड्याच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात येणार. कार तर आधीपासूनच येतात. तिथे गॅस कोण भरतो, कशाने भरतो, हा प्रश्न त्या अधिसूचनेने सुटलेला नाही.

गॅस 'संपत' नाही

एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कुलिंग कॉइल आणि पाइप यांच्या बंद वर्तुळात तोच तो गॅस फिरत राहतो. रबरी पाइपातून वर्षानुवर्षे थोडाफार झिरपतो, तेवढंच. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी लीकेज आहे, हा त्याचा सरळ अर्थ. ते न शोधता गॅस मारला तर चार दिवस गार वाटतं आणि पैसे पुन्हा हवेत जातात. गॅसबरोबर तेलही जातं, आणि तेल कमी झालं की कॉम्प्रेसर जाम होतो. गॅसच्या तुलनेत कॉम्प्रेसरचं बिल कितीतरी मोठं असतं.

नीट पद्धत अशी : उरलेला गॅस मशिनने टाकीत ओढून घ्यायचा, लीकेज काढायचं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, मग वजन करून गॅस भरायचा. किती ग्रॅम भरायचा ते बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. नुसत्या गेजवर आणि हाताला लागणाऱ्या गारव्यावर अंदाज बांधला तर गॅस जास्त होतो, दाब वाढतो.

धोका नेमका कुठे

कारमध्ये सध्या सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. पाइप सुटून तो अंगावर उडाला की कातडी गोठते; डोळ्यात गेला तर नजरेवर बेतू शकतं. गॉगल आणि हातमोजे ही काही कौतुकाची बाब नाही. ४५ अंशांच्या उन्हात ठेवलेल्या या गॅसच्या कॅनमध्ये दाब सुमारे दीडशे पीएसआय होतो. कारच्या टायरमध्ये तो ३०-३५ असतो. कॅन उन्हात ठेवणं, आगीने गरम करणं किंवा चुकून जास्त दाबाच्या बाजूला जोडणं म्हणजे तो फुटायला आमंत्रण.

लीकेज तपासायला शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन आणणं तर जिवावरच बेतू शकतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. टायरमध्ये भरतात ती हवाही नको. त्यासाठी कोरडा नायट्रोजन वापरायचा, तोही रेग्युलेटर लावून. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या खड्ड्यात साचतो आणि खाली काम करणाऱ्याचा श्वास कोंडतो. जवळ बिडी किंवा वेल्डिंगची ज्योत असेल तर त्याचं विघटन होऊन विषारी वायू तयार होतो.

स्वस्ताच्या नादात

२०११ मध्ये जहाजांवरच्या शीत-कंटेनरचे स्फोट होऊन व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मिळून तीन कामगार दगावले. आर-१३४एच्या नावाखाली भेसळीचा गॅस भरला गेला होता. त्यातल्या मिथाइल क्लोराइडची अ‍ॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवा लागताच पेटणारा पदार्थ तयार झाला. कारच्या एसीतही अ‍ॅल्युमिनियमच असतं. म्हणून बिनबिलाचा, बिननावाचा कॅन स्वस्त पडला तरी नको. घरगुती सिलिंडरमधला एलपीजी तर नकोच. कुलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते; ती फुटली की पेटणारा गॅस थेट केबिनमध्ये येतो.

नव्या गाड्यांनी काम आणखी अवघड केलंय. काही महागड्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा सौम्य ज्वलनशील गॅस असतो. तो आणि १३४ए एकमेकांत मिसळायचे नाहीत. इलेक्ट्रिक कारचा कॉम्प्रेसर भारी व्होल्टेजवर चालतो, त्याच्या वायरी नारिंगी असतात. त्यात वीज न वाहणारं वेगळं तेल लागतं. नेहमीचं तेल घातलं तर शॉक बसण्याचा धोका.

हिशेब कुणाचा

गॅस ओढून घेणारं मशिन महाग, आणि गॅस हवेत सोडायला पैसे लागत नाहीत. मिस्त्री सोपा रस्ता धरतो, यात आश्चर्य नाही. पण एक किलो १३४ए हवेला सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. एका कारचा अर्धा किलो सोडला की ७०० किलोंहून जास्त. किगाली करारानुसार भारताला अशा गॅसचा वापर २०२८ पासून गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. माल कमी झाला की भाव वाढतो, आणि भाव वाढला की भेसळ येते, हे बाजाराचं जुनं गणित आहे.

अमेरिकेत गाडीच्या एसीचं काम पैसे घेऊन करायला प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात ते कुणी विचारत नाही. उन्हाळा लागायच्या आधी आयटीआय आणि परिवहन खात्याने मिळून चार-आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, उटनूरच्या आयटीडीएने आदिवासी पोरांना त्यात सामावून घेतलं, चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून एक मशिन घेतलं, तर बराच प्रश्न सुटेल. जैनद, बेला, तलमडगू भागातल्या पोरांसाठी हे प्रशिक्षण तेलुगूबरोबर मराठीतही हवं. सुरक्षेची सूचना कळलीच नाही तर तिचा उपयोग काय?

तोवर ग्राहकाने चार गोष्टी विचाराव्यात : लीकेज सापडलं का, व्हॅक्यूम किती वेळ मारला, गॅस किती ग्रॅम भरला, आणि कॅनचं बिल कुठे आहे? उत्तर नीट मिळालं नाही तर गाडी दुसरीकडे न्यावी. गिऱ्हाईक विचारायला लागलं की गॅरेजही बदलतं.