मीटरभर जागा, तीही गिळली!

१८ मे २०२५च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेल कारखाना पेटला आणि आठ जीव गेले. मालकाचे कुटुंब कारखान्यातच राहत होते. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा. त्यावरून पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीने काय धडा घेतला? शून्य!

या वसाहतीच्या आसपास कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या पाहा. मेन स्विच जिन्याखाली. त्याच्यापुढे दुचाकी, सिमेंटची पोती, गॅसची टाकी. एमसीबीचा डबा शेगडीच्या डोक्यावर, फोडणीच्या तेलाचा चिकट राप चढलेला. झाकण केव्हाच गेले, म्हणून वर कॅलेंडर टांगलेले. कागदाचे! जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूजतारेऐवजी जाड तांब्याची तार, म्हणजे फ्यूज उडणार नाही, घर उडेल.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम सांगतात की स्विचबोर्डापुढे किमान एक मीटर जागा मोकळी हवी. मागे उघड्या जोडण्या असतील तर भिंतीपासून अंतर एक तर २० सेंटीमीटरहून कमी किंवा ७५ हून जास्त हवे. म्हणजे मागे माणूस शिरूच नये, किंवा शिरला तर अडकू नये. शेगडीवर, मोरीवर, न्हाणीघरात बोर्ड नको, हे भारतीय मानकांतही आहे. यात लाखांचा खर्च कुठला? धूर भरला की चाचपडत जाऊन खटका पाडता यावा, वायरमनला ठिणगी उडताच मागे सरकता यावे, एवढ्यासाठी ती जागा. पण घरमालकाला त्या मीटरभरातही भाडे दिसते!

आणि वायरिंग सुरक्षित असल्याचा तो टेस्ट रिपोर्ट! जागेवर पाऊल न टाकता, टेबलावरच त्यावर सही ठोकणाऱ्या परवानाधारक ठेकेदारांना आम्ही काय म्हणावे? ते वीज जोडत नाहीत, मरण जोडतात. तो कागद डोळे मिटून फाइलीत लावणारे बाबू त्यांचेच भागीदार. विद्युत निरीक्षक अपघातानंतर चौकशीला येतात. अपघाताआधी यायला त्यांना कोणी बंदी केली आहे काय?

बोर्डाचा आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेचा फोटो जोडल्याशिवाय एकही नवी जोडणी देऊ नका. जुन्या खोल्यांत ठेकेदाराचे नाव आणि परवाना क्रमांक मीटरच्या पेटीवरच रंगवा. भाडेकरूला कळू दे, आपण कोणाच्या सहीच्या भरवशावर झोपतो ते.