चावडीवरची नक्कल आणि दप्तराची किल्ली

पुणे–बंगळूरु महामार्गावरील शिरवळला कारखाने आले, जमिनीला मोल आले आणि सातबाराच्या प्रत्येक ओळीला वजन आले. तो उतारा आता घरबसल्या संगणकावर पाहता येतो. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळू लागला. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, मूळ नोंदींना धक्का न लावता त्यांची नक्कल लोकांसमोर मांडावी कशी?

याचे उत्तर जुन्या रिवाजातच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 नुसार फेरफाराची प्रत चावडीवर लावली जाते. प्रत बाहेर, दप्तर आत. बाहेरचा कागद कोणी फाडला तरी नोंदवही अबाधित राहते. संगणकाच्या व्यवहारात फायरवॉल ही दप्तरखान्याची भिंत होय. मूळ डेटाबेस तिच्या आत आणि लोकांसाठीची नक्कल बाहेरच्या सर्व्हरवर असावी. ती पाठविण्याचा आरंभ मात्र आतूनच व्हावा. बाहेरच्या सर्व्हरला आत येऊन बदल नेण्याची मुभा दिली, तर भिंतीला खिडकी ठेवावी लागते. आणि तो सर्व्हर चोराच्या हाती पडला की त्याच खिडकीतून मूळ नोंदींपर्यंत वाट होते. नक्कल केवळ वाचण्यापुरती असावी, आणि तीत लोकांना आवश्यक तेवढाच तपशील असावा.

परंतु भिंत भक्कम असली म्हणजे नक्कल खरी ठरते, असे नव्हे. आत चुकून पुसलेली नोंद काही क्षणांत बाहेरही पुसली जाते. म्हणून अशी नक्कल ही राखीव प्रत समजणे घातक आहे. राखीव प्रत निराळीच ठेवली पाहिजे. उलटपक्षी, मधला दुवा तुटला तर बाहेरची प्रत शिळी होते, आणि शिळी प्रत दिसायला ताजीसारखीच असते. आत बँकेच्या कर्जाचा बोजा चढला असेल, बाहेर तो दिसणार नाही. आणि आयुष्याची पुंजी घेऊन जमीन खरेदीस निघालेला माणूस त्या कोऱ्या रकान्यावर विसंबेल.

यासाठी प्रत्येक पानावर शेवटच्या नकलेची तारीख व वेळ ठळकपणे छापली जावी, आणि दुवा तुटल्याची सूचना नागरिकाच्या तक्रारीआधी कार्यालयाला मिळावी. किल्ली आतच राहावी. परंतु चावडीवरच्या कागदावर तारीख नसेल, तर तो कागद लावण्यात अर्थ नाही.