माशांनाही उवा!

उवा फक्त माणसाच्या डोक्यात होतात, असं वाटतं ना? नॉर्वेच्या समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेल्या सॅमन माशांनाही त्या छळतात. या उवा खेकडा-कोळंबीच्या नात्यातल्या. माशाची कातडी आणि रक्त हाच त्यांचा आहार. पण सगळेच मासे सारखे बळी पडत नाहीत. कोहो सॅमनची कातडी उवेभोवती लगेच सुजते आणि बहुतेक उवा गळून पडतात. अटलांटिक सॅमनला मात्र असा प्रतिकार फारसा जमत नाही, आणि पिंजऱ्यांत सर्वाधिक पाळतात तोच! पिंजऱ्यांतली ही लागण नदीतून समुद्राकडे निघालेल्या जंगली सॅमनच्या पिल्लांच्या जिवावर बेतते. म्हणूनच नॉर्वेत माशामागे सरासरी ०.५ प्रौढ मादी, एवढीच मर्यादा आहे. वसंतात, पिल्लांच्या प्रवासाच्या दिवसांत, ती ०.२ वर येते.