किती वॅटचा?
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावात कुणी नवी मोटारसायकल आणली की पहिला प्रश्न येतो, "किती देते?" आणि कुणी अ‍ॅम्प्लिफायर आणला की, "किती वॅटचा?" मोटारसायकलवाल्याचे उत्तर निदान पेट्रोल पंपावर पडताळून पाहता येते. अ‍ॅम्प्लिफायरवाल्याने पाचशे म्हटले काय अन् हजार म्हटले काय, ऐकणारा मान डोलावतो. मित्रहो, या एका प्रश्नाने माझे पैसे घालवले आहेत, माझ्या वडिलांना चारचौघांत खाली मान घालायला लावली आहे, म्हणून आज त्याच्याविरुद्ध चार शब्द लिहीत आहे.

प्रथम माझ्या अधिकाराविषयी. तो काहीच नाही! मी मराठी घेऊन बी.ए. करणारा विद्यार्थी. अकरावी-बारावीच्या सुट्ट्यांत एस.टी. स्टँडजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात बसत असे, तेथे कथलाचा डाग द्यायला शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी महाविद्यालयाची पायरी कुणी चढलेले नाही. त्यामुळे मी सोल्डरिंगची कांडी तापवली की आई म्हणते, "हातातलं हत्यार सुटावं म्हणून तुला कॉलेजात घातला, आन् तू परत हत्यारच धरतोस व्हय रं?" इकडे वर्गातले मित्र म्हणतात, हे सायन्सवाल्यांचे काम. दोन्हीकडून बोलणी खाऊनही हा नाद सुटत नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मंडळाचा जुना सेट बंद पडला तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, "माझा पोरगा करील." मी पुण्याला तपकीर गल्लीतून टीडीए २०३० हा आय.सी., १२-०-१२चा ट्रान्स्फॉर्मर, कंडेन्सर, माइकसाठी वेगळा प्रीअ‍ॅम्प असे सामान आणले. पैसे आईच्या भिशीतले. पत्र्याच्या पेटीत सगळे बसवले, आठ ओहमचा आठ इंची स्पीकर जोडला. दुपारी घरी वाजवून पाहिले, झकास!

एकादशीला देवळाच्या सभामंडपात भजन सुरू झाले. साडेनऊच्या सुमारास एक अभंग संपला, दुसरा सुरू व्हायचा होता, आणि पेटीत फट्ट असा आवाज होऊन सगळे शांत झाले. ध्यानात घ्या, मोठ्या आवाजात नव्हे, दोन अभंगांच्या मधल्या शांततेत आय.सी. फुटला. आप्पा काही बोलले नाहीत. पखवाजाला कणीक लावत बसले. मंडळींनी मात्र लगेच निकाल दिला, "लहान पडला. पाचशे वॅटचा बोर्ड आणायला पाहिजे होता."

दुसऱ्या रात्री मी उसना मल्टिमीटर घेऊन देवळात गेलो. दुपारी घरी मोजले होते तेव्हा ट्रान्स्फॉर्मरनंतरचा दाब दोन्ही बाजूंना साडेसोळा व्होल्ट होता. टीडीए २०३०ची मर्यादा दोन्ही बाजूंना अठरा व्होल्टची, म्हणून मी निर्धास्त होतो. पण रात्री पंप आणि गिरणी बंद झाल्यावर देवळातल्या प्लगवर २५२ व्होल्ट भरले! त्यात छोट्या ट्रान्स्फॉर्मरवर भार नसला की तो नावापेक्षा जास्तच देतो. बाराचे प्रत्यक्षात चौदाच्या वर, त्याला १.४१ने गुणायचे, कारण कंडेन्सर लाटेच्या टोकापर्यंत भरतो. डायोडमध्ये थोडे कमी झाले तरी एकोणीसच्या वर. गाणे चालू असताना भाराने हा दाब खाली राहत होता. गाणे थांबले, दाब चढला, आय.सी. गेला. अ‍ॅम्प्लिफायर लहान पडला नव्हता, त्याला जास्त खायला घातले होते.

मग मी मंडळींच्या सल्ल्याच्या नेमके उलट केले. ट्रान्स्फॉर्मर बदलून ९-०-९चा लावला. हिशेबाने पूर्वी दहा-अकरा वॅट निघत होते, ते पाचवर आले. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. पुढच्या एकादशीला भजन झाले, आणि आवाज निम्मा झाला असे एकही माणूस म्हणाला नाही!

यात चमत्कार काही नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. एवढा फरक कान देऊन ऐकले तर जाणवतो, इतकेच. कानाला दुप्पट मोठे वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट. त्यामुळे पन्नास घ्यावा की शंभर, या वादात दुकानदाराखेरीज कुणाचा फायदा नाही. खरा फरक स्पीकर करतो. एका वॅटला एक मीटरवर एखादा स्पीकर ८६ डेसिबल देतो, दुसरा ९६. म्हणजे दुसऱ्याला दहा वॅट द्या नाहीतर पहिल्याला शंभर द्या, आवाज तोच. जुना पत्र्याचा कर्णा तर एका वॅटला शंभराच्या वर जातो, म्हणून तर एवढ्याशा सेटवर अख्खे गाव जागे व्हायचे! (कर्ण्याचा आवाज गोड असतो असे मात्र मी म्हणणार नाही.)

खोक्यावरच्या आकड्याविषयी तर बोलायलाच नको. 'पी.एम.पी.ओ.' अशी अक्षरे दिसली की तो आकडा सरळ विसरावा, तो कसा मोजावा याला ठरलेले असे मापच नाही. त्यापेक्षा झाकण उघडून ट्रान्स्फॉर्मर पाहावा. १२-०-१२, दोन अँपिअर असे लिहिले असेल तर चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. त्यातलाही मोठा हिस्सा हीटसिंक तापवण्यात जाणार. जी विहीर अठ्ठेचाळीस घागरींची आहे, तिच्यातून तीनशे घागरी उपसणारा पंप विकत घेऊन काय करायचे?

१९४७ साली इंग्लंडमधल्या 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका अ‍ॅम्प्लिफायरची मांडणी प्रसिद्ध केली. पुढे देशोदेशीच्या हौशी लोकांनी ती घरी बांधली. तिची ताकद पंधरा वॅट होती. लोक भारावले ते तिच्या स्वच्छपणाने. आपल्याकडे आज उलटे झाले आहे, वॅट वाढत चालले आणि शब्द हरवला.

आता कुणी विचारील, तयार बोर्ड इतके स्वस्त मिळत असताना घरी बांधायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे. टीपीए ३११६ या क्लास-डी आय.सी.चा हातभर नव्हे, तळहाताएवढा बोर्ड माझ्या पेटीपेक्षा जास्त ताकद देतो, तापतो कमी, बॅटरीवर चालतो. नव्याने मंडळासाठी करायचे झाले तर मीही तोच घेईन. टीडीए २०३०च्या नावाने नकली तुकडेही बाजारात पुष्कळ आहेत. पण एकदा स्वतः बांधलेला, आणि खरे सांगायचे तर एकदा स्वतः फोडलेला माणूस दुकानात वेगळे प्रश्न विचारतो. स्पीकर किती ओहमचा? जागा केवढी? ऐकायचे काय आहे? माझ्या देवळातली शेवटची तक्रार तर अ‍ॅम्प्लिफायरची नव्हतीच. माइक शिट्टी मारत होता, कारण स्पीकर गाणाऱ्यांच्या पाठीशी होता. तो पुढच्या खांबाला ऐकणाऱ्यांकडे तोंड करून टांगला आणि शिट्टी गेली. खर्च सुतळीचा. त्या रात्री आप्पा एवढेच म्हणाले, "आज अभंगातला शब्द कळत हुता."

हे सगळे महाविद्यालयाच्या अंकात लिहिण्याचे कारण आपले गेले स्नेहसंमेलन. भाड्याने आणलेल्या सेटवर नाचाच्या वेळी खुर्च्या थरथरत होत्या, आणि त्याच सेटवर काव्यवाचन सुरू झाले तेव्हा पाचव्या रांगेपुढे एक ओळ कळेना. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी स्वतःची कविता वाचत होती. मागून हुल्लड झाली, ती अर्ध्यात थांबली. आम्ही कला शाखेचे लोक शब्दावर जगतो म्हणतो, आणि शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो याची चौकशी करणे आम्हाला कमीपणाचे वाटते! मी गेल्या वर्षी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर तासभर मागितला होता. "तुमची शाखा कोणती?" असे विचारून मला परत पाठवण्यात आले.

यंदा काव्यवाचनापुरता तो मोठा सेट बंद ठेवावा. दोन लहान स्पीकर सभागृहाच्या मध्यावर, भिंतीला, डोक्याच्या वर टांगावेत. पेटी माझी, वायर माझी, शिडी शिपाईमामांकडे आहे. मल्टिमीटर तेवढा आदल्या दिवशी संध्याकाळी मिळावा. सभागृहातल्या प्लगवर रात्री किती व्होल्ट असतात ते मला आधी पाहायचे आहे.