गांधी आहेत, नेहरू आहेत, टागोर आहेत. कांबळे कुठे आहेत?

ट्रॉम्बेतल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. नवा फॉर्म किंवा नवं ॲप लोकांसमोर जाण्याआधी त्यात खोटी माणसं भरून पाहावी लागतात. ती माणसं हाताने कोण लिहीत बसणार? 'फेकर' नावाची तयार लायब्ररी असते. तिला देश सांगितला की ती त्या देशातली नावं ओतत जाते. याने भारत सांगितला. स्क्रीन भरून गेला: देशपांडे, अय्यर, चतुर्वेदी, मुखोपाध्याय, नंबुद्री. दोन दिवस तो वाट पाहत होता, एकही कांबळे आला नाही. वरिष्ठाला विचारलं तर तो हसला, "अरे, डमी डेटा आहे. एवढं काय मनावर घेतोस?"

रविवारी वंदना झाल्यावर त्याने आम्हाला विचारलं, "दादा, डमी माणसांतसुद्धा आपण नाही का?"

या प्रश्नावर चिडून एक पोस्ट टाकणं सोपं होतं. पण बाबासाहेबांनी आपल्याला वेगळी सवय लावली आहे. शास्त्राचा हवाला देणाऱ्यांशी वाद घालताना त्यांनी शास्त्रच उघडून समोर ठेवलं. १९४६ चं 'हू वेअर द शूद्राज?' चाळा, पानोपानी मूळ ग्रंथांची झडती आहे. सॉफ्टवेअरचा मूळ ग्रंथ म्हणजे त्याचा सोर्स कोड. ओपन सोर्समध्ये तो कुणालाही वाचता येतो. मग आम्हीही झडती घ्यायला बसलो.

कोडचा डोंगर डोळ्यांनी वाचून होत नाही, तो शोधावा लागतो. १९७० च्या दशकात युनिक्सवर 'ग्रेप' नावाची छोटी आज्ञा आली. शब्द द्या, तो ज्या ओळींत आहे त्या ओळी ती काढून देते. ती एका संगणकापुरती ठीक होती. लाखो प्रकल्पांत शोधायचं तर आधी सूची लागते. गूगलने २००६ मध्ये असा कोड-शोध सुरू केला आणि २०१२ मध्ये बंदही केला. त्यामागची युक्ती मात्र उरली: प्रत्येक फाइलचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद ठेवायची. रोमन लिपीतल्या कांबळेचे चार तुकडे होतात: के-ए-एम, ए-एम-बी, एम-बी-एल, बी-एल-ई. ज्या फाइलींत चारही तुकडे आहेत तेवढ्याच उघडून तपासायच्या. डेबियनचा कोड-शोध याच युक्तीवर उभा राहिला. गिटहबवर आज सार्वजनिक कोडमध्ये शोधता येतं. खातं लागतं, पैसे लागत नाहीत.

पण शोधात काही सापडलं नाही म्हणजे ते तिथे नाहीच, असं समजू नका. मोठ्या फाइली सूचीत येत नाहीत. स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त पडला तरी शोध चुकतो. म्हणून शेवटी फाइल उघडून वाचायचीच.

आम्ही वाचली. रुबी भाषेतल्या 'फेकर'ची भारतीय इंग्रजीची फाइल. जावास्क्रिप्टमधल्या त्याच नावाच्या लायब्ररीतही तीच आडनावं दिसतात. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं. अय्यर आणि अय्यंगार दोन्ही आहेत. द्विवेदी, त्रिवेदी, चतुर्वेदी, म्हणजे दोन, तीन, चार वेद ओळीने हजर. केरळातले भट्टतिरी, एंब्रांतिरी, नंबीशन, सोमयाजी इतक्या बारकाईने वेगळे नोंदवलेत की यादी करणाऱ्याचं कौतुक वाटावं. पाटील, पटेल, खान आहेत, ते आम्ही लपवणार नाही. गांधी आहेत, नेहरू आहेत, टागोर आहेत. आंबेडकर नाहीत. (कुणी म्हणालं, आंबेडकर आडनावाची माणसं अशी किती? आम्ही विचारतो, टागोर किती?)

हे कुणी द्वेषाने केलं असं आम्ही म्हणत नाही. कुणीतरी आपल्या ओळखीतली, आपल्या गल्लीतली आडनावं लिहिली आणि वर पाटी लावली 'भारत', असंच यादीवरून दिसतं. जात अशीच चालते. तिला शिवी द्यावी लागत नाही. ज्याच्या गल्लीत आपण नाही, त्याच्या देशातही आपण नसतो.

आता 'मेरिट'वाले म्हणतील, संगणकाला जात नसते. संगणकाला नसते, यादीला असते. यादीत नाव असणं म्हणजे काय हे ट्रॉम्बेला कुणी शिकवू नये. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून माणसं चिता कॅम्पात आणून टाकली. तेव्हापासून इथली पोरं पात्र आणि अपात्र हे शब्द पाढ्यांबरोबरच शिकतात. 'फेकर'च्या यादीने कुणाचं घर गेलं नाही, हे खरं. पण ज्या नावांवर फॉर्म तपासला जातो, ज्या नावांचे नमुने ग्राहकाला दाखवले जातात, त्यावरूनच नव्या प्रोग्रामरच्या डोक्यात भारतीय माणूस कोण हे ठरत जातं.

आणि शब्दांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांनी अमेरिका पाहावी. पायथनने २०१८ मध्ये 'मास्टर-स्लेव्ह' हे शब्द काढायला घेतले. २०२० मध्ये लिनक्स कर्नलने त्याबद्दल नियम केला आणि गिटहबने मुख्य शाखेचं नाव बदललं. काळ्या माणसांच्या चळवळीने रस्त्यावर जोर लावला, तेव्हा कोडमध्ये शोध लागला. त्याच २०२० च्या जून महिन्यात कॅलिफोर्निया सरकारच्या विभागाने दलित अभियंत्याशी जातीय भेदभाव झाल्याच्या आरोपावरून सिस्को कंपनीविरुद्ध खटला दाखल केला. म्हणजे जात सिलिकॉन व्हॅलीपर्यंत पोहोचली आहे. आपला शोध अजून तिथे पोहोचलेला नाही.

इथे आमचं भांडण आपल्याच माणसांशीही आहे. कोड शिकून पॅकेज मिळालं की मुक्ती झाली असं मानणारे, आणि लॅपटॉप म्हणजे उच्चवर्णीयांचं खेळणं म्हणून त्याकडे पाठ फिरवणारे, दोघेही कोड वाचत नाहीत. 'फेकर'चा परवाना एमआयटीचा आहे: वापरा, बदला, वाटा. कागदावर सगळं खुलं. चवदार तळंही कागदावर खुलं होतं. बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेनेही पुढे तो मान्य केला होता. तरी २० मार्च १९२७ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि मागोमाग हजारो माणसं उतरली.

वर्गात वाद अजून मिटलेला नाही. एका ताईंचं म्हणणं, आडनावानेच जात कळते, मग आपणच आपली आडनावं त्यात का घालायची? सगळीच काढा, म्हणा. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं, त्यांची राहणार आणि आपली आपणच पुसायची का? आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण ताईंचा मुद्दा हलका नाही. तोवर आडनावं गोळा होत आहेत: कांबळे, गायकवाड, साळवे, वाल्मिकी, पासवान, मुर्मू, मडावी. एका आडनावाची रोमनमध्ये तीन-तीन स्पेलिंगं निघतात, त्यात बराच वेळ जातो. बदलाची विनंती इंग्रजीत लिहायची आहे, तो मसुदा येत्या रविवारी वंदनेनंतर वाचू. वर्गात लॅपटॉप दोनच आहेत, ज्यांच्याकडे असेल त्यांनी घेऊन यावा.

जय भीम.